पोस्टफिक्स संथ? आधी 'डिलेज' वाचा

मेल उशिरा जातेय म्हणून लगेच रॅम वाढवू नका. पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) प्रत्येक मेलमागे लॉगमध्ये 'डिलेज=' पुढे चार आकडे लिहितो, सेकंदांत. उदाहरणार्थ ०.२/०.०१/१०/०.४. पहिला आकडा रांगेत सक्रिय होण्याआधीचा वेळ, दुसरा रांगेतला, तिसरा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), हेलो (समोरच्या सर्व्हरशी ओळख) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) यांसह जोडणीचा, चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा.

वरच्या ओळीत तिसरा फुगलाय. ५ किंवा १० च्या आसपास घुटमळणारा आकडा दिसला की आधी संशय डीएनएसवर घ्या: लिनक्सचा रिझॉल्व्हर (डीएनएसला पत्ते विचारणारा भाग) एका नेमसर्व्हरची मुळात ५ सेकंद वाट पाहतो, मग पुढच्याकडे वळतो. रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमधल्या यादीतला पहिला नेमसर्व्हर मेलाय का ते 'डिग' या डीएनएस-चौकशीच्या आज्ञेने तपासा. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवून १२७.०.०.१ पहिल्या ओळीत टाकणं उत्तम. (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणारं स्पॅमहाउस तसंही ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशा नाकारतं.)

पहिला आकडा मोठा असेल तर संशय मिल्टरवर (मेल आत येताना तपासणारा फिल्टर) किंवा डिस्कवर. 'आयओस्टॅट -एक्स' चालवून डिस्कची प्रतीक्षा बघा. मात्र आधी न गेल्यामुळे पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेल्या, म्हणजे डिफर्ड मेलमध्ये हा आकडा हजारांत असतो, तो सोडून द्या. चौथा मोठा आणि मेल पुढे अमाविस या तपासणी-प्रोग्रामकडे जात असेल, तर वेळ स्पॅम-व्हायरस तपासणी खातेय.

आणि रांग तुंबली म्हणून 'पोस्टक्यू -एफ' (रांगेतलं सगळं लगेच पाठवून बघणारी आज्ञा) पुन्हा पुन्हा मारू नका. बंद पडलेल्या पत्त्यांकडे सगळ्या मेल एकदम धावतात, नव्या मेल मागे अडकतात. कुठल्या डोमेनची गर्दी आहे ते 'क्यूशेप डिफर्ड' दाखवतो.