बिनविषारी क्वांटम डॉट आणि पांढरा एलईडी : या चुका टाळा

क्वांटम डॉट म्हणजे निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देणारे नॅनोमीटर आकाराचे कण; निळ्या एलईडी चिपेवर त्यांचा थर दिला की पांढरा दिवा होतो. विषारी कॅडमियम टाळून कॉपर इंडियम सल्फाइडचे डॉट करणारे नवखे लोक कुपीतला केशरी उजेड पाहून हुरळून जातात आणि तो दिव्यात का उतरत नाही म्हणून पुढे महिनाभर डोके धरून बसतात. बहुतेक वेळा दोष डॉटचा नसतो, अपुऱ्या धुण्याचा असतो.

हे मी स्वतः भोगले आहे. डोडेकेनथायॉल या गंधकयुक्त द्रवात केलेले डॉट घाईने एकदाच धुऊन मी दोन भागांच्या सिलिकोनमध्ये मिसळले, 450 नॅनोमीटरच्या निळ्या चिपांवर थेंब सोडले आणि रात्रभर ओव्हनमध्ये ठेवले. सकाळी टाचणी टोचली तर तार सुटत होती. मी ओव्हनला दोष देऊन तापमान वाढवले. थर काळवंडला, पण घट्ट काही झाला नाही. असे सिलिकोन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होते आणि धुण्यात न गेलेले थायॉल किंवा अमाइन त्या प्लॅटिनमलाच निकामी करतात, हे तीन दिवस वाया गेल्यावर लक्षात आले. तेव्हापासून इथेनॉलने साका बसवून, सेंट्रिफ्यूज करून पुन्हा टोल्युइनमध्ये विरघळवणे मी तीनदा करतो. चौथ्यांदा नाही, कारण पृष्ठभागावरचे लिगंड (डॉटला चिकटून त्याला जपणारे रेणू) निघू लागले की चमकही जाते. मग काचपट्टीवर चार थेंब घट्ट होतात का ते पाहतो. न झाल्यास सिलिकोनचा हट्ट सोडून अतिनील किरणांनी घट्ट होणारे ॲक्रिलेट घेतो.

दुसरी चूक द्रावणातल्या क्वांटम यील्डवर, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती पुन्हा उजेड होऊन बाहेर पडतात त्या प्रमाणावर, विसंबण्याची. कार्बन डॉट (कार्बनचे तसेच चमकणारे कण) पाण्यात झळाळतात आणि वाळवले की एकमेकांना चिकटून विझतात. त्यामुळे मी मोजमाप थरावरच, इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सगळ्या दिशांचा उजेड गोळा करणाऱ्या पोकळ गोलात) करतो. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटे तापवून ‘डॉट झाले’ म्हणणाऱ्यांनी आधी डायलिसिस करावे, म्हणजे सच्छिद्र पडद्यातून लहान रेणू काढून टाकावेत, कारण त्यातला बराचसा निळा उजेड सुट्या लहान रेणूंचा असू शकतो.

डॉट जास्त घातल्यास ते एकमेकांचाच उजेड शोषतात आणि रंग लालीकडे सरकतो. तापलेल्या चिपेवर थेट थर देऊ नये, अंतर ठेवावे. रंगदर्शनांकाची (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्या आकड्याची) सरासरी चांगली दिसली तरी त्यातला गडद लाल रंगाचा आकडा, आर 9, वेगळा पाहावा. आणि ‘बिनविषारी’ हे विशेषण तयार डॉटपुरतेच आहे : इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या कॅडमियमविरहित डॉटसाठी वापरला जाणारा ट्रिस-ट्रायमिथाइलसिलिल फॉस्फिन हवा लागताच पेट घेतो.