पुण्यातली पहिली नोकरी: या चुका टाळा

ऑफर लेटर आलं की घरी पेढे येतात आणि नातेवाइकांना आकडा सांगितला जातो तो सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाचा. चार लाखांना बाराने भागून आलेल्या तेहतीस हजारांवर वाकडमधल्या फ्लॅटचं भाडं ठरवू नका. त्या चार लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बऱ्याचदा व्हेरिएबलही (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार) धरलेलं असतं. शिवाय तुमच्या बेसिकच्या १२ टक्के पीएफ आणि महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर (फेब्रुवारीत ३००) पगारातूनच कापला जातो. महिलांना मासिक २५ हजारांपर्यंत हा कर माफ आहे. हातात नक्की किती पडणार, हे एचआरला जॉइन होण्याआधीच विचारा. ते विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

खोली घेण्याचीही घाई नको. इंटरव्ह्यू खराडीत झाला आणि प्रोजेक्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडी फेज तीनमध्ये मिळाला, तर अकरा महिन्यांचा करार गळ्यात पडतो. प्रोजेक्ट ठरेपर्यंत पीजीत राहिलेलं बरं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: अडलं तरी गप्प बसणं. लातूर, परभणी, सोलापूरहून आलेली हुशार मुलं इथेच मागे पडतात आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. काम मंगळवारी अडतं, ‘विचारलं तर काय म्हणतील’ या धास्तीने मुलगा शुक्रवारपर्यंत एकटाच झगडतो आणि डेडलाइनच्या दिवशी सांगतो, झालं नाही. लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, राग येतो तो काम न झाल्याचा कमी आणि उशिरा कळल्याचा जास्त. मंगळवारी कळलं असतं, तर त्याने दुसरा माणूस दिला असता किंवा क्लायंटकडून मुदत मागून घेतली असती.

नुसतं ‘सर, होत नाहीये’ म्हणूनही भागत नाही. काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं, कोणता एरर येतोय आणि आता नेमकी कशाची मदत हवी, एवढं चार ओळींत लिहून पाठवा. असं विचारणाऱ्याला कोणी बावळट समजत नाही. उलट याने आधी स्वतः प्रयत्न केलाय, हे समोरच्याला दिसतं.

या गप्प बसण्यामागे पुष्कळदा इंग्रजीची भीती असते. मराठी माध्यमातून आलात म्हणून तुमचं डोकं कमी चालत नाही. मीटिंगच्या आधी आपल्या कामाबद्दलची दोन-तीन वाक्यं लिहून काढा आणि आपली पाळी आली की तेवढीच बोला. व्याकरण चुकलं तरी चालेल, पण ‘हो, कळलं’ म्हणून न कळलेलं काम घेऊन येऊ नका. मीटिंगनंतर काय ठरलं ते मेलवर लिहून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून घ्या. गैरसमज असला तर तिथेच कळतो.

‘काम चांगलं केलं की साहेबांना दिसतंच’ हा भरवसाही सोडा. अप्रेझलच्या तोंडावर मॅनेजर बदलला, तर नव्याला तुमचं वर्ष कुठून ठाऊक असणार? दर शुक्रवारी आठवड्याचं काम दोन ओळींत टिपून ठेवा. ‘रिपोर्टिंग केलं’ असं मोघम नको. ‘हाताने दोन तास लागायचे तो रिपोर्ट स्क्रिप्टने दहा मिनिटांत होतो’ असं लिहा. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, असाल तर त्या काळात काय शिकलात तेही टिपा.

नोकरी देण्यासाठी कोणी डिपॉझिट मागितलं, तर तिथून सरळ निघा.

कंपनी बदलताना नवी ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटीस पीरियड न भरता गायब झालात, तर रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला ते आडवं येतं. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो. आणि वर्षाच्या मध्येच कंपनी बदललीत, तर आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोघंही करातली सूट आपापल्या परीने धरतात आणि रिटर्न भरताना उरलेला कर तुम्हाला एकदम भरावा लागतो.