पूना खीरा लावताय? आधी चिठ्ठी लिहा

हो, नाव पूना खीराच. नागपुरात बसून पुण्याच्या नावाची काकडी लावतो म्हणून मित्रांनी आधीच भरपूर चिडवून घेतलंय, तर ते राहू द्या. ही काकडी कोवळी असताना फिकट पांढुरकी, मग पिवळसर, आणि तयार होता होता साल बटाट्यासारखी तपकिरी होते, आणि गंमत म्हणजे तेव्हाही आतून करकरीत असते, सालासकट खाता येते. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना आत्ताच वाचून दाखवा. काऊन ते खाली सांगतो.

बॅग, ऊन, जागा, हे काही सांगायला नको. फक्त आपली काळी माती नुसतीच भरू नका, ओली असली की पाणी धरून बसते आणि सुकली की दगड. निम्मी माती, निम्मं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड. पंधरा इंची ग्रो बॅगमध्ये एकच वेल. एकच म्हणजे एकच.

आता मुद्द्याचं. बियांचं पाकीट फोडायच्याही आधी चिठ्ठ्या करा. दह्याचा जुना डबा कापून पट्ट्या काढा, त्यावर पेन्सिलनं नाव-तारीख लिहा. मार्कर नको, आपल्या एप्रिलच्या उन्हात मार्करचं उडून जातं, पेन्सिलचं राहतं. मागच्या वर्षी मी "लक्षात राहते ना बे" म्हणत पाच बॅगा भरल्या, दोन पूना खीरा, दोन गावरान काकडी, एक दोडका, आणि चिठ्ठी एकही नाही. रोपं आल्यावर दोडका ओळखला, पण काकड्या दोन्ही जुळ्या बहिणी, पानापानात फरक नाही. शेजारच्या काकूंना मोठ्या मनानं एक "गावरान" रोप दिलं, ते खीऱ्याचं होतं हे तीन महिन्यांनी त्यांनी फोटो पाठवला तेव्हा कळलं, "ही अशी काऊन झाली रे?" उरलेल्या एका वेलीला चार काकड्या लागल्या, तपकिरी झाल्या, आणि आईनं सडल्या समजून गाईला घातल्या. चारही. आईला काय बोलणार, चिठ्ठी कुठं होती? तर चिठ्ठी. बॅगेला एक, मांडवाला एक.

पेरणी जानेवारी संपता संपता नाहीतर फेब्रुवारीत, थंडी सरल्यावर, गार मातीत बी सडतं. उशीर केला तर काकड्या धरायच्या वेळेला मे येतो, मग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, नुसती नर फुलंच मोजत बसा. तेव्हा हुकलं तर थेट पावसाळा. बी रात्रभर भिजवायचं, सेंटिमीटरभर खोल टाकायचं. मांडव किंवा जाळी त्याच दिवशी उभी करा, वेल मोठी झाल्यावर काठ्या खुपसल्या की मुळं तुटतात. आणि बी टाकलं त्याच मिनिटाला चिठ्ठी, चहा प्यायला खाली जाऊ नका.

दोन पानं आली की लाल भुंगेरे येतात, सकाळी हातानं वेचा, राख टाका. सुरुवातीला नर फुलंच येतात, घाबरू नका. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी दिसते. टेरेसवर मधमाश्या नसतील तर सकाळीच नर फूल तोडून मादीच्या आत फिरवा, दुपारी करून उपयोग नाही. पाण्यात खंड पडला की काकडी कडू, मग टोक कापून कितीही घासा. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, वरून हिरवी जाळी, बुडाशी कूलरचं जुनं गवत टाकलं तरी चालतं. फळमाशीसाठी वेलवर्गीय भाज्यांचा गंधसापळा मिळतो, एक टांगा.

काढायची पांढुरकी असतानाच सुरू करा, काढत राहिलं की लागत राहते. कोशिंबीर, दाण्याचं कूट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. थोड्या मोठ्या झालेल्या किसून थालीपिठात.

बी ठेवायचं तर शेजारी गावरान काकडी आहे, सरमिसळ होणार. म्हणून उद्या उमलणारं एक नर आणि एक मादी फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवा, सकाळी सोडा, हातानं परागीकरण करा, मादी परत बांधा. त्या काकडीला लाल चिंधी, आणि चिंधीला चिठ्ठी, "बियांची आहे, गाईला नाही." वेलीवरच पूर्ण पिकू द्या, गर दोन-तीन दिवस आंबवा, धुवा, बुडालेलं बी घ्या, सावलीत वाळवा. पुडी बांधा. पुडीवर नाव, वर्ष, पेन्सिलनं.