एचआयव्हीची औषध-प्रतिरोध चाचणी : कधी, कशी, खर्च कोणाचा

व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दर मिलीलीटरला १००० कॉपींच्या वर आला की लगेच गोळी बदलायची घाई नको. मिरकरवाडा किंवा हर्णैचा खलाशी दहा दिवस समुद्रात राहणार असेल, तर गोळ्यांचा डबा बोटीवर चढला का, हे आधी विचारा. अँटासिड, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, तेही. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं. समुपदेशन करून, गोळ्या नियमित घेतल्याची खात्री झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा व्हायरल लोड. तरीही वरच असेल, तर प्रतिरोध चाचणी, म्हणजे विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही हे पाहणारी तपासणी.

रक्त औषध चालू असतानाच घ्या. बंद केल्यावर काही आठवड्यांत प्रतिरोधी विषाणू मागे पडतात, अहवाल फसवा स्वच्छ येतो. इडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी), प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) शक्यतो सहा तासांत वेगळा, मग उणे ७० अंश सेल्सिअसला. घाटापलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवताना गोठवलेला नमुना वितळला, तर तो वाया जाऊ शकतो.

डोल्युटेग्राव्हिरवर असलेल्यांसाठी फॉर्मवर ‘इंटिग्रेज’ (हे औषध विषाणूच्या ज्या एन्झाइमवर काम करतं ते) वेगळं लिहा; नेहमीच्या तपासणी-संचात ते बहुधा नसतं.

सरकारी एआरटी (एचआयव्ही औषधोपचार) केंद्रातली औषधं मोफत. खासगी विम्यात मात्र ओपीडी तपासण्या बहुतेकदा वगळलेल्या असतात, म्हणून लेखी पूर्वमंजुरी मागा. विम्यातल्या अन्याय्य भेदभावाला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे.