कॅसाल्स ऐकायचा तर कुठून आणि कसा

पाब्लो कॅसाल्स या चेलोवादकाने वाजवलेले बाख या जर्मन संगीतकाराचे सहा चेलो सुईट एका बैठकीत संपवायला जाऊ नका. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, गजाने वाजवायचं मोठं वाद्य; सुईट म्हणजे छोट्या भागांची, बहुतेक नृत्याच्या चालींची, मालिका. सगळे मिळून दोन तासांहून जास्त होतात. सगळा वेळ एकटा चेलो, आणि त्यावर जुन्या तबकडीची खरखर. कान थकतो आणि ‘नाव मोठं, पण रेकॉर्डिंग जुनाट’ असं मत घेऊन माणूस उठतो. शिवाय एक ते सहा हा छापील क्रम झाला. कॅसाल्सने दुसरा आणि तिसरा सुईट नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला, पहिला आणि सहावा जून १९३८ मध्ये पॅरिसला, चौथा आणि पाचवा जून १९३९ मध्ये, तोही पॅरिसलाच. ऐकण्याचा क्रमही हाच ठेवावा. फक्त पहिल्या जोडीत सुरुवात तिसऱ्याने करावी.

आधी साधनं तपासा. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार म्हणजे खर्जातला सी हा सूर, सुमारे ६५ हर्ट्झ. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेरच पडत नाही, फक्त त्याचे वरचे उपस्वर ऐकू येतात आणि चेलो नाकात बोलल्यासारखा वाटतो. कानभर बसणारे हेडफोन घ्या.

याच रेकॉर्डिंगच्या अनेक आवृत्त्या मिळतात. अगदी स्वच्छ केलेली टाळा. खरखर काढताना गजाच्या केसांची तारेवरची घासही जाते, आणि डाव्या हाताची बोटं तारांखालच्या पट्टीवर आपटल्याचा हलका ठोकाही. तो ठोका हवाच: बोट हातोडीसारखं पडलं पाहिजे, म्हणजे सूर सुरुवातीपासून स्पष्ट उमटतो, असा कॅसाल्सचा आग्रह होता. दुसरी तपासणी वेगाची. तिसऱ्या सुईटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, मधल्या सीवर सुरू होतो आणि दोन सप्तकं उतरत थेट खालच्या मोकळ्या तारेवर येतो. तिथे ट्यूनर, म्हणजे सुराची उंची दाखवणारं साधन, लावा. काटा सीच्या थोडा इकडे-तिकडे असेल तर चालेल. जवळजवळ अर्धा स्वर फरक असेल तर तबकडी चुकीच्या वेगाने फिरवून उतरवली आहे. ती आवृत्ती सोडा.

आता हाच प्रेल्यूड तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा निषादाकडे, म्हणजे बी या सुराकडे लक्ष द्या. जिथे बी वर चढून सीला मिळतो, तिथे कॅसाल्सचा बी पियानोच्या बीपेक्षा किंचित चढा असतो, सीला टेकायला आतुर. पियानोची सवय झालेल्या कानाला तो बेसूर वाटण्याची शक्यता आहे. तो बेसूर नाही. सूर ज्या दिशेने निघाला त्या दिशेला झुकलेला असावा, हे कॅसाल्स जाणूनबुजून करत असे आणि शिष्यांनाही शिकवत असे. तिसऱ्यांदा लांब सुरांकडे पाहा. एकही लांब सूर सपाट धरलेला नसतो; तो फुगतो किंवा विरतो. कागदावर पेन्सिलीने वर-खाली रेघ काढत ऐकलं तर हे पटकन पकडता येतं.

मग दुसऱ्या सुईटचा साराबांद, म्हणजे संथ नृत्याच्या चालीचा भाग. इथे हात ऐकायचा. कॅसाल्सच्या लहानपणी चेलो शिकणाऱ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत, कोपर अंगापासून सुटू नये म्हणून. डावा हात ठरलेल्या जागांवरून पुढे-मागे घसरत असे आणि ती घसरण ऐकू येई. कॅसाल्सने कोपर मोकळं केलं आणि दूरच्या सुरासाठी हात सरकवण्याऐवजी बोटं फाकवली. त्यामुळे घसरण हवी तिथेच उरली. जिथे मींड ऐकू येते, तिथे ती मुद्दाम घेतलेली आहे असं समजून का घेतली ते शोधा. हा सगळ्यांत फलदायी अभ्यास आहे, त्याला दोन-तीन दिवस द्या.

स्वरलिपी वाचता येत असेल तर समोर ठेवा, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. मुख्य आधार त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेल्या नकलेचा. त्यात आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा जवळजवळ नाहीत, आणि गजाच्या कमानी (गजाच्या एका ओढीत घ्यायचे सूर दाखवणाऱ्या रेषा) कुठे सुरू होऊन कुठे संपतात हे बऱ्याच ठिकाणी संदिग्ध आहे. म्हणजे तुम्ही ऐकता त्यातलं पुष्कळसं कॅसाल्सचं स्वतःचं उत्तर आहे. १८९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, बार्सिलोनाच्या एका जुन्या दुकानात या सुईटांची प्रत त्याच्या हाती लागली. तेव्हा लोक त्यांना सरावाचे धडे समजत, फार तर एखादा भाग मैफलीत वाजे. बारा वर्षं घरी घासल्यावरच तो ते लोकांसमोर वाजवायला बसला, आणि पूर्ण सुईट वाजवू लागला. या मुद्रणांच्या काळात बारा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण साडेचार मिनिटंच मावत आणि जोडकाम शक्य नव्हतं. एक सूर फसला तर पूर्ण बाजू पुन्हा. काही चुका तशाच राहिल्या आहेत, त्या मोजत बसू नका.

एकट्या चेलोचा कंटाळा आला तर मध्ये द्वोर्झाक या चेक संगीतकाराचा चेलो कन्चेर्टो (एकटं वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लावा: प्राग, १९३७, चेक फिलहार्मोनिक, संचालक जॉर्ज सेल. किंवा पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक थिबो यांच्यासोबतचं शुबर्टचं बी फ्लॅट त्रिकूट, १९२६ चं.

पाचव्या सुईटला मात्र शांत संध्याकाळ ठेवा. त्याच्या साराबांदमध्ये एकही जोडस्वर (दोन सूर एकदम) नाही, एकेक सूर सुटा येतो. लक्ष हललं की धागा तुटतो. एप्रिल १९३९ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध फ्रँकोच्या विजयाने संपलं होतं, कॅटलोनियाचा हा माणूस निर्वासित झाला होता, आणि दोनच महिन्यांनी हे मुद्रण झालं. हे माहीत असावं, पण प्रत्येक सुरात युद्ध शोधू नये. आधी सूर ऐका.

लगेच त्यामागे १३ नोव्हेंबर १९६१ ची व्हाइट हाउसमधली मैफल लावा. पियानोवर होर्शोव्स्की, आणि कॅसाल्स चौऱ्याऐंशीचा. गजाच्या जोरदार ओढीबरोबर घशातून हुंकार ऐकू येतात. हेडफोन बिघडलेले नाहीत. शेवटी ‘पक्ष्यांचं गाणं’ ही कॅटलान धून येते. तिथे आवाज थोडा वाढवा, कारण चेलो अगदी हळू येतो, आणि त्याचे सूर कुठे थरथरतात ते तेव्हाच कळतं.