चाकण-रांजणगावात माणसं मिळेनात? मॅनपॉवर सप्लायवाल्यांनी काय करावं, एकेक स्टेप

रात्री साडेनऊला कंपनीच्या एचआरचा मेसेज येतो, "उद्या फर्स्ट शिफ्टला २५ हेल्पर पाहिजेत", आणि आपल्याकडे ओढूनताणून १४ होतात. चाकण घ्या, रांजणगाव घ्या नाहीतर वाळूज, सगळ्या लेबर कॉन्ट्रॅक्टरची हीच रड आहे. मग आपण परत ग्रुपवर "अर्जंट भरती, राहणं-जेवण फ्री" टाकतो, दहा पोरं येतात, आठवड्यात सात गायब. माझं सरळ मत आहे, नवीन भरतीवर पैसे घालायच्या आधी आलेली माणसं का पळतात ते बघा, निम्मा प्रॉब्लेम तिथेच आहे.

१. गेलेल्यांची यादी काढा

मागच्या तीन महिन्यांचं हजेरीचं एक्सेल उघडा. जॉइनिंगची तारीख आणि शेवटचं पंचिंग, एवढे दोनच कॉलम शेजारी ठेवा. पहिल्या आठवड्यात गेलेला पोरगा बहुतेक कामाला किंवा रूमला वैतागून जातो, पहिला पगार झाल्यावर गेलेला हातात पडलेल्या आकड्यावर नाराज असतो, आणि दोन-चार महिने नीट काम करून गेला असेल तर गावाकडचं काहीतरी असतं नाहीतर शेजारच्या गेटवर पाचशे रुपये जास्त मिळालेले असतात. फोन करून विचारा, पण तो फोन लाईनवरच्या सुपरवायझरला करायला लावू नका, पोरगा त्याच्याच शिव्यांना कंटाळून गेला असेल तर तुम्हाला कधीच कळणार नाही.

२. हातात किती पडणार ते आधीच सांगा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. समजा पगार १५,००० आहे आणि पीएफ पूर्ण पगारावर कापताय. १२ टक्क्यांनी पीएफ १,८००, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे ११३, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात राहिले १२,८८७, आणि त्यातून कँटीन-बसचे कापत असाल तर अजून कमी. आता नांदेडहून रात्रभर गाडीत बसून आलेल्या पोराला तुमच्या एजंटने "पंधरा हजार मिळतील" एवढंच सांगितलं असेल तर सात तारखेला तो तुम्हाला चोरच म्हणणार ना. हाच हिशोब एका कागदावर लिहून जॉइनिंगच्या आधी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ओटी, म्हणजे ओव्हरटाईम, कायद्याने डबल रेटने आहे, तो सिंगलने देऊन माणसं टिकत नाहीत म्हणून रडू नका. आणि जॉइनिंगचे म्हणून पोरांकडून हजार-दोन हजार घेणारे एजंट असतील तर आजच बंद करा, त्या एजंटला जेवढ्या वेळा नवीन पोरगा आणेल तेवढ्या वेळा पैसे सुटतात, मग जुना टिकावा असं त्याला का वाटेल? द्यायचंच तर पोराने ९० दिवस भरल्यावर तुमच्या खिशातून द्या.

३. पहिले तीन दिवस सांभाळा

पोरगा पहाटे बॅग घेऊन उतरतो तेव्हा रूम तयार पाहिजे, खानावळवाल्याला सांगून ठेवलेलं पाहिजे. आधार, बँक पासबुक, जुना यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) हे गावाहून निघायच्या आधीच फोटो मागवून चेक करा, नाहीतर आधारवर एक नाव आणि बँकेत दुसरं, आणि पोरगा गेटपाससाठी दोन दिवस बिनपगारी बसून राहतो. सेफ्टी शूज मापाचे द्या. हसू नका, पाय सोलले म्हणून पण लोक जातात.

४. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

माणसं अचानक जात नाहीत, आपण अचानक जागे होतो. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की मराठवाडा-विदर्भातली पोरं पेरणीला जाणार, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला जाणार, गौरी-गणपती, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं आहेतच, पोलीस भरतीचं ग्राउंड लागलं की तगडी पोरं तिकडे. बिहार-यूपीवाले होळीला आणि छठला. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे छठच्या दोन महिने आधीच विचारा कोण कोण जाणार, दोन बॅच पाडा, आणि बिहारमधल्या दानापूर स्टेशनहून परतीचं तिकीट तुम्ही काढून द्या. परतीचं तिकीट हातात असलेला माणूस बहुतेक परत येतो.

५. जवळच्या गावातल्या बायकांना विचारा

पॅकिंग, वायर हार्नेस (वायरींचे जुडगे बांधणं), इन्स्पेक्शन ही कामं त्या उत्तम करतात आणि रूमचा खर्चही नाही. पण गावातून बस, टाईमात सुटणारी शिफ्ट आणि धड टॉयलेट हे कंपनीकडून आधी लिहून घ्या. बायकांना २५,००० पगारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तेही हिशोबात दाखवा.

६. कंपनीशी नीट बोला

कंपनी ६०-९० दिवसांनी बिल काढते आणि तुम्हाला पगार सात तारखेच्या आत द्यायचाय, मग पगार लांबतो आणि माणसं जातात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा. मायक्रो-स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. एचआर ऐकत नसेल तर हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला सांगा, त्याला लगेच समजतं. आणि २५ मागितले, १८ च भरवशाचे असतील तर १८ च कबूल करा, बाकी ७ साठी तीन दिवस मागून घ्या, नाक्यावरून कोणालाही उचलून गेटवर उभं करू नका, मशीनवर बोट गेलं तर केस तुमच्यावरही येते.