फोन काढून घ्यायची धमकी देणं बंद करा, बाकीचं नंतर

आमची पोरगी दहावीत. दर वर्षी अनंत चतुर्दशीला इंदूरच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला जायचं म्हटलं की सगळ्यात आधी चपला घालून दारात उभी राहायची. गेल्या वर्षी म्हणाली, पोट दुखतंय, तुम्ही जा. आजी घरी होती म्हणून आम्ही गेलो पण. पोट वगैरे काही नव्हतं हे नंतर कळलं. क्लासमधल्या कुणीतरी इन्स्टावर कन्फेशनचं, म्हणजे नाव न सांगता काहीही लिहायचं पेज काढलं होतं, त्यावर हिचा शाळेच्या कार्यक्रमातला फोटो टाकून रंगावरून, दातांवरून काय वाट्टेल ते लिहिलं होतं, आणि ती सगळी पोरं त्या रात्री राजवाड्यावर भेटणार होती. तीन आठवडे हे चालू होतं आणि आम्ही रोज रात्री एकत्र बसून वरण-भात जेवत होतो.

मी विचारलं, अगं सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तू फोन काढून घेतला असतास."

खरंच होतं ते. मार्क कमी आले, फोन आण इकडे. उलट बोललीस, फोन आण इकडे. महिन्यातून चारदा मी हेच म्हणायचे, मग तिने का सांगावं? पोरांसाठी फोन म्हणजे अख्खी मित्रमंडळी, तो गेला तर तिला त्रास देणारे तिथेच राहणार आणि ही एकटी बाहेर पडणार, म्हणजे शिक्षा हिलाच.

म्हणून माझ्या हिशोबाने पहिलं काम हे. शांत बसून, भांडण चालू नसताना, पोरांना स्पष्ट सांगा की फोनवर काहीही झालं, अगदी तुझीच चूक असली तरी, ते येऊन सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. आणि मग तो शब्द पाळा, कारण एकदा मोडलात की संपलं. सांगायला आली की पहिली दोन मिनिटं तोंड बंद ठेवायचं. "कशाला टाकला फोटो", "मी म्हटलंच होतं", हे गिळून टाकायचं. मी आता फक्त "बरं झालं सांगितलंस" एवढं म्हणते आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन माझा राग तिथे काढते.

समोर बसवून "बोल, काय झालं" म्हटलं तर कोणतंच पोर बोलत नाही. आमची बोलते ॲक्टिव्हावर. भंवरकुआंला ट्यूशनला सोडायला जाते तेव्हा मागे बसून, माझा चेहरा दिसत नाही म्हणून असेल, सगळं सांगते. अर्धं हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, पण मी हूं हूं करते. पोळ्या लाटताना, कपडे घडी करताना, बाबांबरोबर गाडी धुताना, असं काहीतरी हातात काम असताना बोला. मुलगा असेल तर हे जास्तच लागू, कारण मुलं रडत नाहीत, दार आपटतात आणि आपल्याला वाटतं माज आलाय.

आता झोप. मला विचाराल तर टाइम लिमिट, ॲप लॉक, पासवर्ड या सगळ्यापेक्षा झोप वाचवा. तेरा ते अठरा वर्षांच्या पोरांना ८ ते १० तास झोप लागते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं, म्हणजे अकराला झोप येत नाही हा सगळाच नखरा नसतो. पण बस पावणेसातला दारात, आणि मधे रील्स. झोप अर्धवट झाली की चिडचिड, रडू, अभ्यासात लक्ष नाही, आणि आपण म्हणतो सोशल मीडियाने पोर बिघडलं. अर्धं बिघडलेलं झोपेनेच असतं.

आम्ही केलं ते असं की हॉलमध्ये टीव्हीखाली एक एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि साडेदहाला घरातले सगळे फोन तिथे. सगळे म्हणजे सगळे. इथेच घोळ झाला, कारण पहिल्या आठवड्यात पकडले गेले आमचे हे, बाथरूममध्ये क्रिकेटचे हायलाइट बघताना. पोरीने जो आनंद साजरा केला! पण त्याचाच फायदा झाला, नियम घराचा आहे, तिच्यावरचा नाही, हे तिला पटलं. अलार्मसाठी फोन हवा हे सगळ्यात जुनं कारण, त्यावर उपाय म्हणजे साधं घड्याळ आणायचं, काटेवालं. परीक्षेच्या दिवसात रात्री नोट्स ग्रुपवर येतात म्हणते, तेव्हा थोडी ढील देतो. सराफ्यात रात्री एक वाजता भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या शहरात राहून दहाला झोपा म्हणायला मलाही लाज वाटते, पण शनिवार शनिवारच्या जागी.

सेटिंग्जचं. इन्स्टा, व्हॉट्सॲप दोन्हीचं वय किमान १३ आहे. अठराच्या खालच्या पोरांसाठी इन्स्टावर टीन अकाउंट असतं, २०२५ पासून भारतातही आलंय. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन शांत, दिवसाला तासभर झाला की आठवण, आणि हे सैल करायचं तर सोळाच्या खालच्यांना आईबाबांची परवानगी लागते. ऐकायला मस्त. पण पोरांनी जन्मसाल २००२ टाकलेलं असतं, मग कसलं टीन अकाउंट. आमच्याकडेही तेच निघालं. ओरडले नाही, म्हटलं चल दोघी बसून दुरुस्त करू. चोरून पोरांचा फोन चेक करू नका, ते दुसरं अकाउंट काढतात आणि त्याचं नाव तुम्हाला कधीच कळत नाही.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बाजूला बसा आणि म्हणा, मला तुझं फीड दाखव, मी काही बोलणार नाही. मी बसले तर अर्ध्या रील्स "सात दिवसांत कंबर बारीक" आणि गोरं होण्याच्या. तिने शोधलं नव्हतं, एकदा जरा जास्त वेळ थांबून बघितलं, बस. ॲपला तेवढं पुरतं, तुम्ही जिथे थांबाल ते तो अजून वाढतो, लग्नातल्या आग्रही वाढप्यासारखा. मग आम्ही दोघींनी एकेक रील दाबून "नॉट इंटरेस्टेड" केलं, काही अकाउंट म्यूट केले, सेटिंगमधून सुचवलेला कंटेंट रिसेट केला, लाइक्सचे आकडे लपवले. दोन दिवसांत फीड बरंच बदललं, आता वॉटरकलरवाले येतात आणि का कोण जाणे मांजरी.

सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या मावसबहिणीशी हिची जी गट्टी आहे ती रील्स पाठवण्यावरच टिकलीये. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ मध्ये सल्ला काढला होता, त्यात दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या पोरांमध्ये उदासी, चिंता यांचा धोका दुप्पट दिसतो असं म्हटलंय, पण फोनमुळे उदास की उदास म्हणून फोन, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. घरात मी तास मोजत नाही, फोन ठेवल्यावर तोंड कसं असतं ते बघते. मैत्रिणी हिला न घेता छप्पन दुकानला खायला गेल्या आणि स्टोरीवर स्टोरी टाकत राहिल्या, त्या दिवशी फोन जेमतेम वीस मिनिटं हातात होता, पण दोन दिवस नीट जेवली नाही.

आणि एक, आपण स्वतः. फॅमिली ग्रुपवर पोरांचे मार्क टाकणं, "आमची बारीक झाली बघा" म्हणून फोटो टाकणं, मग आत्या, काकू, मामेसासरे सगळ्यांच्या कमेंट. पोरांची तुलना पहिली तिथे सुरू होते, इन्स्टा नंतर येतं. फोटो टाकायच्या आधी तिला विचारा. मी विचारत नव्हते, आता विचारते, दहातले सात ती नाही म्हणते.

कुणी त्रास देत असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी स्क्रीनशॉट, त्यात अकाउंटचं नाव, तारीख आणि लिंक यायला हवी, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. आम्ही रागात आधी ब्लॉक केलं आणि पुरावा शोधत बसलो. पोरीला विचारल्याशिवाय समोरच्याच्या आईला फोन लावू नका, शाळेत आपण भांडून येतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे बसायचं असतं तिला. आम्ही आधी क्लासटीचरना एकट्यांना भेटलो, पेज चार दिवसांत बंद झालं.

पण फोटो कपड्यांशिवायचा असेल, किंवा कुणी तसा फोटो मागून पैशासाठी धमकावत असेल, आणि हे मुलग्यांबरोबरही होतं हां, तर मामला वेगळा. पैसे द्यायचे नाहीत. अल्पवयीन मुलाचा तसा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा सेव्ह करून कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, तो कायद्याने गुन्हा होतो. लिंक आणि अकाउंटचं नाव लिहून घ्या, धमकीचे मेसेज ठेवा, आणि पोलिसात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०. मुलांची हेल्पलाइन १०९८. टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, अठराच्या आतल्यांच्या अशा फोटोंसाठी, त्यात फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा बनतो आणि त्यावरून यात सामील असलेले ॲप तो फोटो शोधून काढून टाकतात.

आता सगळ्यात अवघड. वय आहे, होईल ठीक, असं किती दिवस म्हणायचं? दोन आठवड्यांच्या वर झोप, जेवण बिघडलेलं, आवडत्या गोष्टी सोडलेल्या, मैत्रिणींना टाळणं, सतत चिडणं, तर म्हणू नका. या वयात डिप्रेशन फक्त रडण्यातून नाही, चिडण्यातूनही दिसतं. "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही कानावर पडलं, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर सरळ विचारा, मरावंसं वाटतं का तुला. विचारल्याने डोक्यात तो विचार येत नाही, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

आमच्या लहानपणी कुणी वेड्यासारखं वागलं की बाणगंगेला पाठवा म्हणून चिडवायचो, तिथे मानसिक रुग्णालय आहे ना. तीच भीती आपल्या डोक्यात बसलीये, म्हणून सायकायट्रिस्टकडे जाताना लोक स्कार्फ बांधतात. जायचं नसेल तर आधी फोन करा, टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, २०२२ पासून चालू, हिंदीत बोला की मराठीत. आईबाबांनी स्वतःसाठी केला तरी चालतो, मी केला होता, पेज बंद झाल्यावर, जेव्हा सगळे म्हणत होते आता काय झालं तुला रडायला.

तो नंबर आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरखाली लिहिलाय. आजीने विचारलं, हा कुणाचा गं? मी काही बोलायच्या आत पोरीनेच सांगितलं, आजी, मन ठीक नसलं की इथे करायचा, तुला पण चालेल. आजी म्हणाली, मग ठळक अक्षरात लिही, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.